राहती जागा किती? दोन इंचांनी वगळलेल्या एका खोलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ सालच्या शेवटच्या महिन्यांतलं, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका उपनगरातलं आहे. घर १९५६ साली बांधलेलं. विकणारं जोडपं सत्तरीतलं आणि मराठी (पुढे त्यांना काका-काकू म्हणते), घेणारं तिशीतलं आणि पहिल्यांदाच घर घेणारं. मी या घराची अप्रेझर होते. म्हणजे कर्ज देणाऱ्या लेंडरने नेमलेली, घराच्या बाजारभावाबद्दल स्वतंत्र मत देणारी परवानाधारक व्यक्ती. ओळख पटू नये म्हणून ठिकाण, रकमा आणि खोल्यांची मापं बदलली आहेत. जिथे जिथे निर्णय घ्यावा लागला त्या जागा मात्र तशाच ठेवल्या आहेत.

घर केप कॉड पद्धतीचं: तळमजला पूर्ण, आणि त्यावर उभ्या उताराच्या छपराखाली काढलेल्या खोल्या. नव्वदच्या दशकात काकांनी मागच्या बाजूला दोन मजली वाढीव बांधकाम केलं. खाली बसायची मोठी खोली, वर एक बेडरूम. गराजच्या माथ्यावर आणखी एक खोली काढली, मागे काचेची सनरूम आली. शेवटी बेसमेंट राहण्याजोगं केलं, कारण काकांची आई भारतातून कायमची राहायला येणार होती. जमीन मागे उतरत जाते, त्यामुळे बेसमेंटची मागची बाजू पूर्ण उघडी आहे. दार उघडलं की थेट अंगणात पाऊल पडतं. तिथे बेडरूम, बाथरूम, छोटा ओटा, भरपूर उजेड, सगळं होतं.

सौदा ६ लाख ४० हजार डॉलरला ठरला होता. जाहिरातीत लिहिलं होतं: राहती जागा ३,७०० चौरस फुटांहून अधिक, पाच बेडरूम. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कर-नोंदीत आकडा २,३२० होता. मी मोजलं तेव्हा अहवालात जाऊ शकणारा आकडा निघाला २,०९६.

एकाच घराचे हे तीन आकडे. त्यांतला एकही कुणी खोटेपणाने लिहिलेला नव्हता, आणि हे प्रकरण लिहावंसं वाटण्याचं तेच पहिलं कारण आहे.

मोजायचं कशाने

भारतातल्या वाचकाला चौरस फूट म्हटलं की कार्पेट एरिया आठवेल. २०१६च्या रेरा कायद्यात त्याची व्याख्या आहे: वापरता येणारी आतली जागा, घरातल्या घरातल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडून. अमेरिकेत स्वतंत्र घर मोजताना हिशेब निराळा. तिथे माप बाहेरच्या भिंतीच्या बाहेरून घेतात, म्हणजे भिंतीची जाडीसुद्धा क्षेत्रफळात येते. चाळणी लागते ती पुढे, कोणती खोली मोजायची हे ठरवताना.

त्या चाळणीचं नाव आन्सी झेड७६५ (आन्सी ही अमेरिकेतली मानकांची संस्था). हे मानक पहिल्यांदा १९९६ साली आलं आणि त्यानंतर अनेकदा सुधारलं गेलं. बराच काळ ते पाळणं ऐच्छिक होतं आणि प्रत्येक भागात मोजण्याच्या आपापल्या सवयी होत्या. फॅनी मे ही संस्था लेंडरांकडून गृहकर्जं विकत घेते. तिने १ एप्रिल २०२२पासून, आत-बाहेर पाहणी करून केलेल्या मूल्यांकनांसाठी या मानकाची २०२१ची आवृत्ती बंधनकारक केली. हे कर्ज फॅनी मेला जाणार होतं, त्यामुळे कशाने मोजायचं हा प्रश्न माझ्यापुढे नव्हताच.

मानकाचे नियम थोडक्यात असे. जागा वर्षभर वापरण्याजोगी हवी, आणि तिच्या भिंती, जमीन, छत बाकीच्या घरासारखं पूर्ण केलेलं हवं. छताची उंची किमान ७ फूट. तुळई किंवा डक्टखाली (हवा खेळवणाऱ्या नळाखाली) ६ फूट ४ इंच चालते. छत उतरतं असेल तर त्या खोलीतल्या निम्म्या तरी जागेवर ७ फूट उंची हवी, आणि ५ फुटांच्या खालचा भाग कधीच मोजायचा नाही. जागा मुख्य घराशी पूर्ण केलेल्या वाटेने किंवा जिन्याने जोडलेली हवी. आणि ज्या मजल्याचा थोडासाही भाग जमिनीच्या पातळीखाली आहे, तो अख्खा मजला जमिनीखालचा. त्याचं क्षेत्रफळ वेगळं लिहायचं, वरच्या मजल्यांत मिळवायचं नाही.

या सगळ्यातून पार होणाऱ्या जागेला ग्रॉस लिव्हिंग एरिया म्हणतात, आमच्या बोलण्यात जीएलए. मराठीत ‘राहती जागा’ म्हणावं तर घोटाळा होतो, आणि या घरात तोच झाला.

पाहणीचा दिवस

दारावर नाव सांगितलं आणि काका लगेच मराठीत बोलायला लागले. “तुम्ही मूळच्या कुठल्या?” काकू चहाचं विचारून गेल्या. मी चहा नाकारला. आमची आधीची ओळख नव्हती, व्यवहारात माझा काही हितसंबंध नव्हता, तेव्हा काम नाकारण्याचं कारण नव्हतं. पण भाषा एक निघाली की माणूस सावध होतो, आणि त्या सावधपणाचं काय झालं ते पुढे सांगते.

तळमजला सरळ होता. ४४ बाय २८चं मूळ घर म्हणजे १,२३२, त्याला मागचं वाढीव बांधकाम १६ बाय १४ म्हणजे २२४. एकूण १,४५६ चौरस फूट. छपराखालच्या मूळ खोल्यांत दोन्ही बाजूंना बुटक्या भिंती होत्या. ५ फूट उंचीच्या रेषेपासून पलीकडच्या ५ फूट उंचीच्या रेषेपर्यंत १६ फूट रुंदी आणि ४० फूट लांबी, म्हणजे ६४०. मधल्या १२ फुटांवर ७ फुटांहून जास्त उंची होती, त्यामुळे निम्म्याची अट आरामात पूर्ण झाली.

सनरूम १९२ चौरस फुटांची. तिला घराची हीटिंग नव्हती, भिंती एकेरी काचेच्या. काकू म्हणाल्या, हिवाळ्यात तिथे फक्त कुंड्या असतात. तिथे निर्णय सोपा होता.

गराजवरची खोली ३५२ चौरस फुटांची. गालिचा, हीटिंग, दिवे, सगळं व्यवस्थित. पण तिचा जिना गराजच्या आतून वर जातो, आणि गराज म्हणजे सिमेंटची जमीन आणि उघड्या कड्या. घरातून त्या खोलीत जायला पूर्ण केलेली वाट नाही. मी वरच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये उभी राहून भिंतीवर टकटक केलं, तर पलीकडे तीच खोली. मध्ये दार असतं तर तिचे ३५२ फूट जीएलएत आले असते. नसल्यामुळे ती वेगळ्या ओळीत.

मग मागची बेडरूम. मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागला. खोली १६ बाय १४. छत एका बाजूला ८ फूट, दुसऱ्या बाजूला ५ फूट ८ इंच, मधल्या १४ फुटांत सरळ उतार, दर फुटाला दोन इंच. म्हणजे ७ फुटांची उंची उंच भिंतीपासून फक्त ६ फुटांपर्यंत टिकते. १६ गुणिले ६, म्हणजे ९६ चौरस फूट. निम्म्यासाठी ११२ हवे होते. मी खोलीच्या बरोबर मध्यावर लेझर मीटर धरला: ६ फूट १० इंच. पुन्हा धरला. तेच.

दोन इंच. बांधताना ते छत दोन इंच वर घेतलं असतं तर २२४ चौरस फूट मोजले गेले असते.

शेवटी बेसमेंट. ८४० चौरस फूट राहण्याजोगे, आणि काम नीट केलेलं. काका मागे उभे होते. मी आराखड्यावर ‘जमिनीखालचा’ असं लिहिताना त्यांनी पाहिलं आणि विचारलं, हे मोजणार ना? मी सांगितलं, वेगळं मोजणार, राहत्या जागेत नाही. तोवर ते मला तुम्ही म्हणत होते.

“अगं, माझी आई अकरा वर्षं राहिली इथे. या खिडकीतून अंगण बघत बसायची. आणि ही राहायची जागा नाही म्हणतेस?”

मी म्हटलं, “काका, नियम आहे.” आणि मोजत राहिले.

त्यांना माझं किमतीबद्दलचं मत सांगणं मला शक्य नव्हतं. माझं काम लेंडरसाठी, आणि निष्कर्ष फक्त त्यालाच कळवायचा, अशी आमच्या व्यवसायाची आचारसंहिता आहे. पण मोजण्याची पद्धत समजावून सांगायला कुठलाच नियम आड येत नव्हता. त्या दिवशी मी ते केलं नाही.

अडचण

आसपास विकल्या गेलेल्या तीन घरांशी या घराची तुलना करून, फरकांचे पैसे त्यांच्या विक्री-किमतींत मिळवून किंवा वजा करून, अहवालात मी ६ लाख १५ हजारांचं मत दिलं. कराराच्या किमतीपेक्षा २५ हजार कमी.

घर घेताना लेंडर कराराची किंमत आणि मूल्यांकन यांतला कमी आकडा धरतो. घेणाऱ्यांकडे १० टक्के रोख होती. ६ लाख ४० हजारांवर त्यांना ५ लाख ७६ हजारांचं कर्ज मिळालं असतं आणि ६४ हजार स्वतःचे भरायचे होते. ६ लाख १५ हजारांवर कर्ज उतरलं ५ लाख ५३ हजार ५००वर. किंमत तीच ठेवायची तर हातातून ८६ हजार ५०० जाणार, म्हणजे साडेबावीस हजार जास्त. तेवढे त्यांच्याकडे नव्हते.

अहवालाची प्रत कर्जदाराला मिळतेच, तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. त्यांनी ती उघडली आणि त्यांची नजर किमतीआधी क्षेत्रफळावर गेली. जाहिरातीत ३,७०० आणि अहवालात २,०९६. सोळाशे चौरस फूट कुठे गेले? जाहिरातीतल्या आकड्याने भागलं तर कराराचा दर फुटाला १७३ डॉलर पडतो. त्याच दराने २,०९६चा गुणाकार केला तर ३ लाख ६२ हजार येतात. घर जवळजवळ दुप्पट किमतीत गळ्यात मारलं जातंय, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या टोकाला काकांना वाटलं की आपल्या घराचा निम्मा भाग कुणीतरी पुसून टाकला.

हा गुणाकार फसवा आहे आणि तो फार लोक करतात. घराच्या किमतीत जमीन असते, जागेचं ठिकाण असतं, पाया, छप्पर, स्वयंपाकघर असतं. यातलं बरंच काही चौरस फुटाच्या हिशेबात वाढत-घटत नाही. घर शंभर फुटांनी मोठं झालं तर किंमत सरासरी दराने वाढत नाही, त्याहून बरीच कमी वाढते. या भागातल्या विक्रींवरून मी जीएलएतल्या वाढीव फुटाला ९० डॉलर धरले होते. बेसमेंटच्या पूर्ण केलेल्या फुटाला ३५, कमी उंचीच्या खोलीला ५०, गराजवरच्या खोलीला ३०, आणि सनरूमला सरसकट ६ हजार. जीएलएत न आलेल्या प्रत्येक जागेला अहवालात तिची किंमत मिळालेली होती. पण ती पानभर पसरलेल्या तक्त्याच्या खालच्या ओळींत होती, आणि २,०९६ हा आकडा सगळ्यात वर.

मागच्या बेडरूमचे पर्याय

अहवाल देण्याआधी त्या एका खोलीवर मी एक संध्याकाळ घालवली होती. चार वाटा दिसत होत्या.

पहिली, काउंटीप्रमाणे खोली मोजून टाकायची. काउंटीचे २,३२० म्हणजे माझे २,०९६ अधिक ही २२४ची खोली. सरकारी नोंद हाताशी होती, कुणी बोट ठेवलं नसतं. पण काउंटी कर आकारण्यासाठी मोजते आणि तिला हे मानक लागू नाही.

दुसरी, फक्त ७ फुटांचा भाग, म्हणजे ९६ फूट मोजायचे. असं करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यामागची भावना मला समजते. पण मानकाची चाचणी खोलीला लागते, खोलीच्या तुकड्याला नाही. ६ फूट ४ इंचांची सवलतही इथे चालत नाही, कारण ती तुळई-डक्टसारख्या अडथळ्यांसाठी आहे, उतरत्या छतासाठी नाही.

तिसरी, फॅनी मेने ठेवलेला अपवादाचा कोड, जीएक्सएक्स००१. मानक पाळणं शक्यच नसेल तेव्हा तो लिहून कारण द्यायचं असतं. उदाहरणार्थ, सगळं घरच मातीच्या भरावात बांधलेलं असेल तर. इथे मानक पाळणं पूर्ण शक्य होतं. फक्त त्याचं उत्तर कुणाला आवडणारं नव्हतं.

चौथी, खोली जीएलएबाहेर ठेवायची, पण कमी उंचीची पूर्ण केलेली जागा म्हणून स्वतंत्र ओळ द्यायची आणि बाजार तिला जे देतो ते द्यायचं. मी हीच वाट घेतली आणि आजही तीच घेईन.

माझी चूक या खोलीत नव्हती. ती दुसऱ्याच घरात होती.

फेरविचाराची विनंती

मे २०२४मध्ये फॅनी मेने कर्जदाराला मूल्यांकनाचा फेरविचार मागण्याची एकसारखी पद्धत ठरवून दिली आणि २९ ऑगस्ट २०२४पर्यंत लेंडरांना ती लागू करायची होती. विनंती लेंडरमार्फतच यायला हवी, एका अहवालावर एकदाच करता येते, आणि तुलनेसाठी जास्तीत जास्त पाच विक्री सुचवता येतात. विकणारा स्वतः अर्ज करू शकत नाही. इथे दोन्ही बाजूंच्या एजंटांनी एकत्र बसून माहिती जमवली आणि घेणाऱ्यांनी अर्ज केला.

अर्ज आला तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती बचावाची. मोजमाप अचूक होतं, मानक पाळलं होतं, उत्तर दोन ओळींत लिहून टाकता आलं असतं. मी अर्ज एक रात्र तसाच ठेवला आणि सकाळी पुन्हा वाचला.

सुचवलेल्या पाच विक्रींपैकी एक मी आधीच वापरली होती. एक दुसऱ्या शाळा-विभागातली होती, एक घर ९०० फुटांनी मोठं, आणि एकाची विक्री माझ्या मूल्यांकनाच्या तारखेनंतर झालेली. पाचवी मात्र मला आधी सापडायला हवी होती. गेल्या वर्षभरातली विक्री, शेजारच्याच वस्तीतली, आणि बेसमेंट अगदी या घरासारखं: मागून उघडं, बेडरूम-बाथरूमसह. मी तुलनेला घेतलेल्या तिन्ही घरांची बेसमेंट चहूबाजूंनी जमिनीत होती. त्यांच्यावरून काढलेला ३५चा दर मी उजेडाच्या, अंगणात उघडणाऱ्या बेसमेंटलाही लावला होता.

अर्जातला दुसरा मुद्दा दोनच ओळींचा होता. माझ्या तुलनेतलं तिसरं घर हेही केप कॉड, आणि त्याच्याही वरच्या मजल्यावर कमी उंचीची खोली आहे. काउंटीच्या आकड्यात ती धरलेली आहे का, ते कृपया पाहावं.

मी त्या विक्रीचे फोटो पुन्हा काढले. तिसऱ्याच फोटोत ती खोली होती, छत खांद्यापर्यंत उतरलेलं. त्या विक्रीच्या एजंटला फोन केला. त्याच्याकडे घराचा मोजलेला आराखडा होता. काउंटीचे २,३१० फूट, त्यातली सुमारे २०० या खोलीची.

इथे जे घडलं होतं ते नीट सांगायला हवं, कारण ही चूक फार सहज होते. काकांचं घर मी नव्या मानकाने काटेकोर मोजलं आणि त्यातून कमी उंचीची खोली बाहेर काढली. तुलनेतलं घर मात्र काउंटीच्या जुन्या आकड्यासह उचललं, ज्यात तशीच खोली आत बसलेली होती. मग दोघांना शेजारी ठेवून म्हटलं, तुलनेतलं घर २१४ फुटांनी मोठं आहे. प्रत्यक्षात ते १४ फुटांनी मोठं होतं. एका घराला एक फूटपट्टी आणि दुसऱ्याला दुसरी.

पैशांत सांगायचं तर: ते घर ५ लाख ९५ हजारांना विकलं गेलं होतं. पहिल्या हिशेबात मी त्यातून क्षेत्रफळाच्या फरकाचे १९,२६० वजा केले होते. बाकीच्या ओळी मिळवून आकडा आला होता ६ लाख १५ हजार ४००. २०० फूट योग्य ओळीत टाकल्यावर फरक पडला बरोबर ८ हजारांचा, कारण ते फूट ९०च्या दराऐवजी ५०च्या दराने मोजले जायला हवे होते. पाचव्या विक्रीवरून उजेडाच्या बेसमेंटला ४५चा दर धरता येत होता. तो लावल्यावर आणखी ८,४०० वाढले. या घराशी केलेल्या तुलनेतून आता निघत होते ६ लाख ३१ हजार ८००. बाकीच्या घरांचेही हिशेब मी त्याच तपासणीतून पुन्हा नेले. त्यांतल्या दोन्ही घरांत कमी उंचीची खोली नव्हती.

सुधारित मत: ६ लाख ३० हजार. जीएलए तोच, २,०९६.

काय झालं

दोन्ही एजंट बोलले. काका-काकूंनी किंमत ६ लाख ३४ हजारांवर आणली, आणि मूल्यांकनापेक्षा वरचे ४ हजार घेणाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून घालायचं ठरलं. कर्ज ५ लाख ६७ हजारांचं झालं, रोख ६७ हजार लागली. मूळ बेतापेक्षा तीन हजार जास्त. तेवढे त्यांना जमले. क्लोजिंग, म्हणजे व्यवहार पूर्ण होणं, ठरलेल्या तारखेनंतर नऊ दिवसांनी झालं. जाहिरातीतला आकडाही एजंटाने बदलला: जमिनीवरची राहती जागा २,०९६, बेसमेंट ८४० पूर्ण केलेलं, बाकी जागा स्वतंत्र.

काय वेगळं करता आलं असतं

तुलनेच्या घरांपासून सुरुवात करते. कुणाच्याही घरात जाऊन मी मोजू शकत नाही, त्यामुळे तुलनेच्या घरांचं क्षेत्रफळ नोंदींवरूनच घ्यावं लागतं. पण नोंद कुठली आणि तिच्या आत काय आहे, हे बघणं माझ्या हातात असतं. केप कॉड घर, काउंटीचा आकडा आणि उतरतं छत हे तिन्ही एकत्र दिसले की फोन करायचा, हे मी आता सवयीत घातलंय. आराखडा मिळाला नाही तर अहवालात तसं लिहिते, आणि त्या घरावरचा भर कमी करते.

भाषेबद्दल आणि सावधपणाबद्दल. मराठी माणूस समोर आहे म्हणून त्याच्या बाजूला झुकायचं नाही, हे मी पाहणीच्या दिवशी मनाशी ठरवलं होतं. नंतर कागद चाळताना वाटलं, न झुकण्याच्या प्रयत्नात मी उलट्या बाजूला तर झुकले नाही ना? प्रत्येक शंकेत मी कमी आकडा निवडला होता. बेसमेंटच्या दरात तसं झालं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोरडेपणा म्हणजे निष्पक्षपणा नव्हे. निष्पक्ष राहायचं तर उजेडाच्या बेसमेंटची विक्री मी स्वतः शोधायला हवी होती, ती कुणी आणून देण्याची वाट न बघता.

काका-काकूंकडून आणि त्यांच्या एजंटाकडून काय वेगळं झालं असतं? जाहिरातीआधी घर मोजून घेतलं असतं तर ३,७००चा आकडा कुणाच्या डोक्यात बसलाच नसता. सगळे फूट एका बेरजेत टाकले की घेणारा त्या बेरजेने भागाकार करतो, आणि अहवाल आला की त्याला लुटल्यासारखं वाटतं. गराजवरच्या खोलीला घरातून दार काढण्याचा विचार पूर्वीच झाला असता, तर तोही फायद्याचा ठरला असता. तसं दार परवानगी घेऊन, उंचीची खात्री करून काढावं लागतं. विक्रीच्या घाईत ते होत नाही.

आणि बेसमेंटमधला तो प्रश्न. “नियम आहे” हे उत्तर खरं होतं, पण ते काकांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आज मी असं सांगेन: काका, हा आकडा इथे कोण राहिलं ते सांगत नाही. दोन घरं शेजारी ठेवून तुलना करताना दोन्हीकडे एकाच प्रकारची जागा मोजली जावी, एवढ्यासाठी तो आहे. आजींची खोली अहवालात आहे, तिच्या क्षेत्रफळासह, खिडकीसह, अंगणात उघडणाऱ्या दारासह, आणि तिला तिची किंमतही मिळणार आहे. फक्त तिची ओळ वेगळी. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. अहवालातही आता मी आराखड्याखाली प्रत्येक जागा साध्या शब्दांत लिहिते: ही मोजली, ही वेगळी मोजली आणि का. ते वाचून घेणाऱ्यांचा सोळाशे फुटांचा प्रश्न निघालाच नसता.

एका आकड्याबद्दल मी अजूनही निश्चिंत नाही. कमी उंचीच्या खोलीला धरलेले ५० डॉलर. ते मी दोन जोड्यांवरून काढले होते, दोन्ही जोड्या एकमेकींसारख्या घरांच्या, आणि प्रत्येकीत एकाला अशी खोली, दुसऱ्याला नाही. एका जोडीतून ४० निघाले, दुसरीतून ६०. विक्रींच्या दोनच जोड्यांवर इतकं वजन टाकणं मला आवडत नाही. तेव्हापासून या भागात केप कॉड घर विकलं गेलं की मी त्याच्या वरच्या मजल्याचे फोटो बघते आणि वहीत नोंद करते. आत्तापर्यंत आणखी तीन जोड्या मिळाल्या आहेत.